दुर्गंधीची तक्रार : परिसर-अभ्यासातील एक पाठ

वरच्या प्राथमिक वर्गांत हवा व तिचे प्रदूषण हा विषय शिकविला जातो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रांत बहुधा शहरातील धुराडी व मोटारींच्या रांगा असतात. खेड्यातील मुलाच्या नाकाशी रोज येणारी हवा निराळी असते. तिच्यात कोंबड्यांच्या शेडचा उग्र दर्प असतो. साखर कारखान्याच्या टापूत मळीचा व आसवनीच्या सांडपाण्याचा वास असतो. ऊसतोडीनंतर फडातील पाचट पेटविल्यावर धुराचा पट्टा गावावर पसरतो. तुंबलेले गटार असते, आणि शाळेची स्वतःची मुतारीही असते. ह्या वासांविषयी गावात कुरकुर चालते, प्रसंगी भांडणे होतात, केव्हातरी एक अर्ज ग्रामपंचायतीकडे जातो आणि तो तेथेच राहतो.

असा अर्ज लिहून देण्याची विनंती बहुधा शिक्षकालाच केली जाते. गावात ज्याचे अक्षर चांगले व ज्याला कागद कोठे पाठवावा हे ठाऊक, असा माणूस तोच, अशी लोकांची समजूत असते. त्याच वेळी ज्या शेडविरुद्ध अर्ज, त्या शेडवाल्याचा मुलगा त्याच शिक्षकाच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेला असतो. ह्या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्हीकडे गप्प राहणे. अनेक शिक्षक तो पत्करतात व त्यांना दोष देता येणार नाही. परंतु ह्याच विषयाचा नीट पाठ घेतला, मुलांकडून प्रामाणिक नोंदी करविल्या, तर तक्रारीतील खरे किती व रागाचे किती हे गावाला दिसू शकते. आणि शाळेच्या हातून विज्ञानाचे शिक्षणही होते. अशा पाठाची रूपरेषा पुढे दिली आहे. तिला सुमारे दीड महिना लागतो. आठवड्यातून एक तासिका व रोजची काही मिनिटे पुरतात.

वास म्हणजे काय

कोणत्याही पदार्थाचा वास येतो तेव्हा त्या पदार्थाचे सूक्ष्म कण, म्हणजे रेणू, हवेतून प्रत्यक्ष नाकात पोचलेले असतात. नाकाच्या पोकळीत वरच्या बाजूला जी नाजूक त्वचा असते, तिच्यातील ज्ञानपेशी ह्या रेणूंना ओळखतात. माणसाच्या नाकात ह्या कामाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. त्यांच्या शोधाबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल व लिंडा बक ह्या शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढी माहिती मुलांना पुरे.

पहिले प्रात्यक्षिक सोपे आहे. वर्गाच्या एका कोपऱ्यात शिक्षकाने कांदा चिरावा. मुलांनी डोळे मिटून बसावे व वास पोचताच हात वर करावा. प्रथम कोणत्या रांगेतील हात वर गेले, नंतर कोणत्या, हे वर्गनायकाने फळ्यावरील आकृतीत मांडावे. दुसऱ्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवून हाच प्रयोग करावा. वास सर्वत्र सारखा जात नाही, वारा नेईल तिकडे जातो, ही गोष्ट मुले न सांगता शिकतात, आणि पुढील सारा पाठ ह्याच एका गोष्टीवर उभा आहे.

दुसरी गोष्ट नाकाच्या थकण्याची. मधल्या सुट्टीनंतर बंद वर्गात शिरताना जो कोंदट वास येतो तो थोड्याच वेळात जाणवेनासा होतो. वास गेलेला नसतो, नाक त्याला सरावलेले असते. म्हणून शेडमध्ये दिवसभर राबणारा माणूस जेव्हा म्हणतो की ‘कोठे आहे वास? आम्हांला तर येत नाही,’ तेव्हा तो खोटे बोलत नसतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र तो वास नकोसा होतो, आणि तोही खोटे बोलत नसतो. गावातील निम्मी भांडणे ह्या एका अज्ञानातून होत असावीत.

वास आणि धोका

घाण वास म्हणजे रोग, अशी समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डॉक्टरही असेच मानीत. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी मैल्याने इतकी घाण झाली की नदीकाठच्या पार्लमेंटच्या इमारतीत बसणे अशक्य झाले आणि खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवावे लागले. मग सभासदांनी तातडीने पैसा मंजूर केला व जोसेफ बॅझलगेट ह्या अभियंत्याने शहराखालून मोठी गटारे बांधली. पुढे लंडनमधील पटकीच्या साथी थांबल्या. लोकांना वाटले, वास गेला म्हणून पटकी गेली. वास्तविक पटकी पाण्यातून पसरते. जॉन स्नो ह्या डॉक्टराने १८५४ सालीच लंडनमधील एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले होते, पण त्याचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी मानले नाही. गटारांमुळे पिण्याचे पाणी मैल्यापासून दूर झाले, हे खरे कारण. कारण चुकीचे असूनही काम योग्य झाले, असा हा इतिहासातील दुर्मिळ प्रसंग होय. गावाने अशा योगावर विसंबू नये.

उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे व ती मुलांच्या मनावर पक्की ठसविली पाहिजे. ज्याला वासच नाही असे विष असू शकते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेली माणसे सकाळी मृत सापडतात. त्यांचा प्राण घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वासही नाही. धुरातील अतिसूक्ष्म धूलिकणांचेही तसेच. ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे लहान असून फुप्फुसात खोल जातात. देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे हवेच्या एका घनमीटरात त्यांचे चोवीस तासांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. नाकाला हे प्रमाण मोजता येत नाही, त्याला उपकरणच लागते.

स्वयंपाकाच्या गॅसला वास असतो, असे मुले म्हणतील. तो वास गॅसचा नव्हे. मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते. ह्या प्रथेच्या मागे एका शाळेची कहाणी आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत खोल्या उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू जळत असे. नळीला गळती होऊन तो इमारतीखाली साठत गेला. वास नसल्याने कोणालाही कळले नाही. १८ मार्च १९३७ रोजी शाळा सुटण्याच्या सुमारास एका यंत्राची ठिणगी पडली व स्फोटात सुमारे ३०० मुले व शिक्षक ठार झाले. त्यानंतर वायूत वासाचे द्रव्य मिसळणे टेक्सासमध्ये कायद्याने सक्तीचे झाले व ती रीत पुढे सर्वत्र गेली. घरात गॅसचा वास आल्यास बटणे दाबू नयेत, काडी ओढू नये, खिडक्या-दारे उघडून बाहेर पडावे, हे ह्या ठिकाणी सांगावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. गटाराच्या टाकीत, जुन्या विहिरीत किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही ओळखू येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे १०० भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते. आणि प्रमाण आणखी काही पटींनी वाढले तर माणूस काही क्षणांत कोसळतो. ‘मघाशी वास येत होता, आता गेला,’ म्हणून जो टाकीत उतरतो त्याचे प्रेत वर काढावे लागते, आणि त्याला वाचविण्यास उतरणारा दुसराही बहुधा जातो. अशा टाक्यांत व गटारांत साधनांवाचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. शाळेच्या शौचालयाची टाकी भरली असता मुख्याध्यापकाने ह्या कायद्याची आठवण प्रथम स्वतःला करून द्यावी.

तीन बाटल्यांचा प्रयोग

वासाचे मोजमाप कसे करावे ही अडचण शास्त्रज्ञांनाही आली. शेवटी त्यांनी माणसाच्या नाकाचाच मापक म्हणून उपयोग केला, पण तो शिस्तीने. जपानमध्ये दुर्गंधी-नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा १९७१ साली झाला. तेथे तीन पिशव्यांची पद्धत वापरतात. दोन पिशव्यांत स्वच्छ हवा व एकीत पातळ केलेली वासाची हवा भरून, वासाची पिशवी कोणती हे निवडलेल्या माणसांना ओळखावयास सांगतात. न ओळखता येईपर्यंत ती हवा अधिकाधिक पातळ करीत जातात. किती पट पातळ केल्यावर वास लोपला, ते त्या वासाचे माप.

हाच प्रयोग वर्गात होऊ शकतो. पाण्यात चिमूटभर हिंग विरघळवून गाळून घ्यावे. तीन सारख्या बाटल्यांपैकी दोहोंत साधे पाणी व एकीत हे पाणी भरावे. बाटल्यांना कागद गुंडाळावा, म्हणजे रंग दिसणार नाही. प्रत्येक मुलाने येऊन वास घ्यावा व आपले उत्तर चिठ्ठीवर लिहून द्यावे, मोठ्याने सांगू नये. नंतर एक चमचा हिंगाच्या पाण्यात नऊ चमचे साधे पाणी मिसळून पुन्हा तेच. पुढे आणखी दहा पट.

गणिताचा भाग येथे येतो. वर्गात ३० मुले असतील तर काहीही वास न येता केवळ अंदाजाने दहा मुलांचे उत्तर बरोबर येईल. म्हणून अकरा-बारा उत्तरे बरोबर आली तर काही सिद्ध झाले नाही. पंचवीस आली तर वास खरोखरच येत आहे. ‘पुष्कळ लोक म्हणतात’ आणि ‘पुष्कळ लोकांना जाणवते’ ह्यांतील भेद शिकविण्यास ह्याहून सोपा प्रयोग नसावा. चिठ्ठ्या गुप्त का घ्यावयाच्या हेही मुलांना विचारावे. एकाने नाक मुरडले की दहाजण मुरडतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

कोणत्याही मुलाला गटार, शौचालय, औषधाची बाटली किंवा अनोळखी पदार्थ हुंगावयास लावू नये. दमा असलेल्या मुलास ह्या प्रयोगात चिठ्ठ्या मोजण्याचे काम द्यावे.

नोंदवही

शंभर पानी वहीत तारीख, वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, वासाची तीव्रता, वासाचा प्रकार असे रकाने आखावे. तीव्रतेसाठी जर्मनीत प्रचलित असलेली शून्य ते सहा ही श्रेणी सोयीची आहे : वास नाही म्हणजे ०, अगदी पुसट १, पुसट २, स्पष्ट ३, उग्र ४, फार उग्र ५, असह्य ६. नोंद रोज तीन वेळा, शाळा भरताना, मधल्या सुट्टीत व सुटताना, दोन मुलांनी एकमेकांस न सांगता करावी. दोघांच्या आकड्यांत दोनापेक्षा अधिक अंतर पडले तर ते तसेच राहू द्यावे व शेऱ्यात लिहावे. त्यांना एकमत करावयास लावू नये.

शून्याची नोंद टाळू नये. मुलांना वाटते, वास नाही तर लिहावयाचे काय? परंतु ज्या वहीत केवळ वासाचेच दिवस आहेत ती वही म्हणजे एका पक्षाचे कागदपत्र होय. वास नसलेल्या दिवसांच्या नोंदींमुळेच वासाच्या दिवसांना वजन येते.

वाऱ्यासाठी ध्वजस्तंभाला पातळ कापडाची पट्टी बांधावी. वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून पडते. पट्टी पूर्वेकडे उडत असेल तर वारा पश्चिमेचा. ही चूक मोठी माणसेही करतात, म्हणून पहिला आठवडा केवळ ह्याच सरावाला द्यावा. थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट दिसेल. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड होते आणि वर जात नाही. सकाळी गावातील चुलींचा धूर चादरीसारखा आडवा पसरलेला दिसतो, तो ह्यामुळे. त्याच चादरीखाली वासही कोंडतो व ऊन चढेपर्यंत निघत नाही. म्हणून शेडमधील खत हिवाळ्यात पहाटे हलविले तर गावाला त्रास होतो, आणि दुपारी हलविले तर त्या मानाने बराच कमी.

नोंदींचे काय करावे हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शाळेच्या पश्चिमेस शेड आहे. चोवीस दिवसांत ७२ नोंदी झाल्या. त्यांपैकी २८ वेळा वारा पश्चिमेचा होता किंवा पडलेला होता, ४४ वेळा इतर दिशांचा. तीन किंवा अधिक तीव्रतेच्या नोंदी १९ आढळल्या. त्यांतील १६ त्या २८ मधील व ३ उरलेल्या ४४ मधील. पश्चिमेच्या किंवा पडलेल्या वाऱ्यात निम्म्याहून अधिक वेळा वास, आणि इतर वाऱ्यांत चौदा-पंधरा नोंदींमागे एकदा. शेडविषयीची तक्रार निराधार नाही, असे ह्यावरून म्हणता येते.

पण त्या तीन नोंदी सोडून देऊ नयेत. समजा, त्या तिन्ही सोमवारी सकाळच्या आहेत. रविवारभर शाळा बंद होती व मुतारीत पाणी पडले नव्हते. मूत्रातील युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो, आणि मुतारीच्या नळीच्या वळणात साठून राहणारे जे पाणी गटारातील वायूला अडवून धरते, ते सुकले की तो वायू थेट वर येतो. म्हणजे तो वास शाळेचा स्वतःचा होता. रविवारी सायंकाळी एकाने जाऊन दोन बादल्या पाणी ओतले तर पुढील सोमवारी नोंद शून्य येईल. हा भाग वर्गासमोर उघडपणे मांडावा. शाळेने आपल्या आवारातील कचरा पेटविण्याची सवयही प्रथम सोडावी. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली असून साध्या प्रकारास ५,००० रुपयांचा दंड ठरविला आहे. पालापाचोळ्यासाठी पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे ह्यांनी रूढ केलेले नाडेप टाके बांधावे. भिंतींत भोके ठेवलेले, दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे हे टाके हवा खेळती ठेवते. हवा खेळती असलेल्या ढिगाला घाण येत नाही. वास येतो तो हवा कोंडलेल्या, ओल्या ढिगाला.

माणसे

नोंदवहीत कोणाचेही नाव, आडनाव किंवा जात लिहू नये. ‘पश्चिमेकडील शेड’, ‘ओढ्याकाठचा उकिरडा’ एवढेच लिहावे. ही सूचना केवळ सभ्यतेसाठी नाही. आपल्या समाजात घाण उचलण्याची, कातडे कमावण्याची, मेलेली जनावरे ओढण्याची कामे विशिष्ट लोकांवर लादली गेली, आणि मग त्या कामाचा वास त्या माणसांना चिकटविला गेला. वर्गात एखाद्या मुलीकडे पाहून नाक दाबले जाते, तिच्याशेजारी कोणी बसत नाही, ह्याच्या मुळाशी तेच असते. सुकट-बोंबील विकणाऱ्या घरातील मुलगा किंवा डुकरे पाळणाऱ्या घरातील मुलगी ह्या पाठाच्या निमित्ताने चिडविली गेली, तर पाठाने मिळविले त्याहून अधिक गमावले. शिक्षकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की वास पदार्थाला असतो, माणसाला नव्हे. आणि दीड महिनाभर हजेरीपटाकडे लक्ष ठेवावे. ज्या घराकडे बोट जाते त्या घरचे मूल दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवशी शिक्षकाने त्या घरी जावे.

शेडवाल्याच्या मुलाला नोंदीच्या पाळीतून वगळू नये, आणि आपल्याच घरावर नोंद करण्याची सक्तीही करू नये. वाऱ्याची पट्टी पाहण्याचे काम त्याला देता येईल.

नोंदी पुऱ्या झाल्यावर प्रथम शेडवाल्याची भेट घ्यावी. तीही वर्ग घेऊन नव्हे; शिक्षकाने एकट्याने किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या जाणत्या सभासदासह, आणि अर्ज खिशात न ठेवता. त्या माणसावर कर्ज असते, पक्षी मरतात, भाव पडतात. त्याचे ऐकून घ्यावे व मग वही दाखवावी. त्याच्या फायद्याची गोष्ट अशी की शेडमधील अमोनिया पक्ष्यांनाही बाधतो, त्यांचे डोळे व फुप्फुसे बिघडतात आणि वाढ खुंटते. अमोनिया ओलाव्यातून सुटतो. गळक्या पाण्याच्या भांड्यांखाली तुसाची गादी भिजते व तेथूनच दर्प उठतो. गळती बंद करणे, गादी वरचेवर उलटून कोरडी ठेवणे, ओली ढेकळे काढून टाकणे, मेलेले पक्षी झाकणाच्या खड्ड्यात पुरणे, खत ताडपत्रीखाली ठेवणे, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. माश्यांचाही बंदोबस्त होतो. उष्ण हवेत ओल्या खतातील अंड्यापासून आठ-दहा दिवसांत माशी तयार होते.

बरेच शेडवाले वास मारण्यासाठी चुना टाकतात. त्याने गादी कोरडी दिसते, पण अमोनिया उलट अधिक सुटतो. हे वर्गात दाखविता येते. चिमूटभर नवसागर व चुना बशीत कालविला की झणझणीत वास येतो. शिक्षकाने तो हाताने वारा घालून दुरूनच मुलांकडे जाऊ द्यावा. चुन्याऐवजी सुपरफॉस्फेट वापरल्यास अमोनिया बराच बांधला जातो. त्याचे प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. खत उचलण्याचा दिवस शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर ठरविता आला तर तोही मोठाच लाभ. अशा भेटीतून जे मिळते ते बहुधा अर्जातून मिळत नाही.

अर्ज

भेटीने भागले नाही, किंवा वास मोठ्या कारखान्याचा असेल, तर अर्ज करणे प्राप्त आहे. शिक्षकाने तो स्वतःच्या नावे करू नये. शाळेपुरता अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने मुख्याध्यापकामार्फत जावा, गावाचा अर्ज ग्रामसभेने करावा. अर्ज कसा लिहावा हे सातवी-आठवीच्या मुलांना भाषेच्या तासाला शिकविता येते. दोन नमुने फळ्यावर लिहावे. पहिला असा : ‘सदर शेडच्या भयंकर दुर्गंधीमुळे गावाचे आरोग्य धोक्यात आले असून शेड त्वरित बंद करावे.’ दुसरा असा : ‘शाळेच्या पश्चिमेस सुमारे १५० मीटरवर कोंबड्यांचे शेड आहे. सोबतच्या नोंदवहीप्रमाणे चोवीस दिवसांत घेतलेल्या ७२ नोंदींपैकी १९ वेळा वास स्पष्ट किंवा उग्र होता. त्यांपैकी १६ वेळा वारा पश्चिमेचा किंवा पडलेला होता. त्या वेळी मुलांचे डोळे चुरचुरल्याच्या नोंदी आहेत. मालकाची भेट घेतली असून गळती बंद करण्याचे त्यांनी मान्य केले आहे, परंतु खताचा ढीग उघडाच आहे. तो झाकण्याची व्यवस्था व्हावी आणि जागेची पाहणी करावी, ही विनंती.’ कोणत्या अर्जावर अधिकाऱ्याला काही करता येईल, हे मुलांनाच विचारावे.

पहिला अर्ज ग्रामपंचायतीकडे जावा व त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. कारखाना, आसवनी किंवा मोठे शेड असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाकडे लिहावे. हवेच्या प्रदूषणाचा १९८१ चा केंद्रीय कायदा हे मंडळ राबविते. केंद्रीय मंडळाने दुर्गंधीबाबत २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. कार्यवाही काय झाली हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते व सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे.

उपद्रव साऱ्या वस्तीला होत असेल तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तो उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते व त्याचा सर्वांत प्रसिद्ध खटला मध्य प्रदेशातील रतलाम गावचा. तेथील एका वस्तीत उघडी गटारे तुंबत, मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी रस्त्यावर येई, शौचालयांअभावी लोक उघड्यावर बसत व डासांचा सुकाळ होता. रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. त्याने नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना तयार करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयाने तो फिरविला, उच्च न्यायालयाने पुन्हा कायम केला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. पैसा नाही, हे तिचे मुख्य म्हणणे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी जुलै १९८० मध्ये ते अमान्य केले : नागरिकांच्या प्राथमिक स्वच्छतेचे कर्तव्य निधीअभावी टाळता येत नाही. वाद १९७२ च्या सुमारास सुरू झाला होता. म्हणजे गटारासाठी आठ वर्षे. मुलांना हा खटला सांगताना ही आठ वर्षे वगळू नयेत.

अर्ज गेल्यावरही नोंदवही बंद करू नये. पाहणीस येणारा माणूस नेमका वारा उलटा असलेल्या दिवशी येतो, हा सर्वांचा अनुभव आहे. त्या दिवशी शून्याची नोंद करावी, वाऱ्याची दिशा लिहावी, आणि शक्य झाल्यास पाहणी करणाऱ्याची त्या ओळीवर सही घ्यावी. वर्षअखेर वही शाळेच्या कपाटात ठेवून पुढील वर्षी त्याच महिन्यांत नव्या वर्गाकडून पुन्हा नोंदी कराव्या. जुनी वही नव्या मुलांना आधी दाखवू नये. आपल्या नोंदी पूर्ण झाल्यावरच त्यांनी ती उघडून पाहावी.